वीणेचा पहारा

चैत्र शुद्ध त्रयोदशी, पहाटे

देवळात काकडा सुरू झालाय. स्पीकर सहाशिवाय लावत नाहीत, त्यामुळे नुसत्या टाळांचा आवाज येतोय. झोप येईना म्हणून उठून लिहायला बसलो. बोटांना अजून बुक्क्याचा वास आहे.

आमच्या गावचा सप्ताह हनुमान जयंतीला उठतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा त्याचा मूळ नेम. काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, सगळं तिच्याभोवती चालतं. दर दोन तासांनी पहारा बदलतो. कुणाचा पहारा कधी, ते देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. रात्री बारा ते दोन हा आमच्या घराचा. इतकी वर्षं आण्णा उभे राहायचे. यंदा त्यांचे गुडघे साथ देईनात, म्हणून पुण्याहून मला बोलावून घेतलं.

निघताना मी त्यांना विचारलं होतं. पुण्यात माझ्या हातून रोजची पूजासुद्धा होत नाही, तुमच्याइतका विश्वासही माझा नाही, मग मी वीणा घेतलेली चालेल का? ते म्हणाले, "पाय धुऊन जा, म्हंजे झालं."

बाराला मंडपात सहा-सात माणसं होती. कीर्तनाला इथं पाय ठेवायला जागा नव्हती. नामवंत महाराज आणायचे, त्यांचे मोठे फलक लावायचे, यावर दरवर्षी खर्च वाढतोच आहे. मला तो पटत नाही. कीर्तन मीही मन लावून ऐकलं, पण सप्ताह ज्याच्यावर टिकतो ते काम कुणी बघायला नसतं तेव्हा चालतं. आधीच्या वीणेकऱ्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली, कपाळाला बुक्का लावला आणि मी वाकायच्या आत माझ्या पायांना हात लावला. मीही त्याच्या पायांना लावला. वीणा दिसते त्यापेक्षा जड असते. पट्टा खांद्यात रुततो. एका हाताच्या बोटानं तार छेडायची, दुसऱ्या हातात चिपळ्या, तोंडानं 'रामकृष्णहरी'.

पहिला अर्धा तास मला माझाच आवाज नकोसा झाला. स्पीकर नाही, पखवाज नाही. साथीला दोन टाळकरी, त्यातला एक खांबाला टेकून डुलक्या घेत होता. इतकी वर्षं देवाचं नाव मी फक्त अडचणीत घेतलंय. आई दवाखान्यात होती तेव्हा, मुलीचा निकाल होता तेव्हा. काहीही न मागता ते दोन तास घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मागणं काढून टाकल्यावर त्या नावाचं करायचं काय, हे मला कळेना. मग हळूहळू लक्ष तारेकडे गेलं. श्वास, पाऊल, तार. त्यात मला देव भेटला असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. पण कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाला काही पटवून द्यायचं नाही, असा तेवढा वेळ मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, आणि तो मला हवाहवासा वाटला.

दोन वाजले. पुढचा माणूस आला नाही. सव्वादोन, अडीच. टाळकरी उठून घरी गेले. पोटऱ्या भरून आल्या. चांदणं मंडपाच्या कनातीवरून खाली सरकत होतं आणि मी 'रामकृष्णहरी' म्हणत मनातल्या मनात त्या माणसावर चिडत होतो. नाव फळ्यावर लिहून घ्यायचं आणि खुशाल झोपायचं! तोंडात एक, मनात दुसरं. हेही इथं लिहून ठेवतो, कारण तेही तसंच घडलं.

तीनला दहा कमी असताना ते आले. आण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पिंढऱ्यांना ओला चिखल. उसाला दारं धरून तसेच रानातून चालत आले होते. आधी नळावर गेले, पाय घासून घासून धुतले. मग माझ्यासमोर वाकले.

"माउली, चुकलं माझं. लाईट आकराला आली. मधीच पाणी सोडून येता येईना."

माझ्या बापापेक्षा मोठा माणूस माझ्या पायांना हात लावत होता आणि त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं ते मला ठाऊक होतं. मी वाकलो तर त्यांचे पाय गार, नळाच्या पाण्यानं ओले. वीणा त्यांच्या गळ्यात घालताना माझे हात थरथरत होते, ते नुसते थकव्यानं नव्हे. त्यांनी तार छेडली आणि पहिल्याच वेळी मोकळ्या, भरल्या गळ्यानं नाव घेतलं. रात्रभर पाण्यात उभा राहिलेला माणूस आता आणखी तासभर उभा राहणार होता. मी लगेच निघालो नाही. खांबाजवळ टाळकऱ्याचे टाळ पडले होते, ते घेतले आणि चार वाजेपर्यंत साथीला उभा राहिलो.

घरी आलो तर आण्णा ओसरीवर जागेच. उशीर का झाला ते विचारलं नाही. "खाली ठिवली न्हाईस ना?" एवढंच. मी नाही म्हणालो, तेव्हा कुठे आडवे झाले.

आज रात्री पुन्हा बारा ते दोन. दोननंतरही थांबेन म्हणून आण्णांना आत्ताच सांगून ठेवलंय. त्या बाजूच्या शिवाराला या आठवड्यात लाईट रात्रीचीच आहे.