खारघरच्या धुळीत छत्तीस फोटो

रविवार, रात्री साडेदहा

बाथरूममधल्या दोरीवर निगेटिव्ह वाळत टाकून लिहायला बसले आहे. मागच्या महिन्यात घेतलेला निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा आज पहिल्यांदाच शर्यतीला नेला. मॉडेल १९८२ सालचे असले तरी कॅमेरा माझ्यासाठी नवाच आहे. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी लागते ती केवळ लाइट मीटरसाठी. नेरूळहून लोकलने खारघरला उतरून मैदानावर पोहोचले, तेव्हा मातीतल्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या सरावफेऱ्या सुरू झाल्या होत्या.

शर्यत वेगाची, म्हणून फिल्मही वेगवान हवी, अशा समजुतीने मी आयएसओ ४०० ची एचपी५ ही कृष्णधवल फिल्म भरली होती; आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका फिल्मला उजेड कमी लागतो. हा हिशेब चुकला. लख्ख उन्हात एफ/१६ ॲपर्चरला, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी बारीक असताना, शटर साधारण आयएसओच्या आकड्याइतके, म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवावे लागते. पण पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवून मागचे सारे पुसट करायचे असेल, तर साठाव्या भागापर्यंत खाली यावे लागते, आणि तेवढा उजेड अडवील इतके बारीक छिद्र माझ्या लेन्समध्ये नाही. डिजिटल कॅमेऱ्यात मी तिथल्या तिथे आयएसओ कमी केला असता. इथे एकदा रोल भरला की छत्तीस फोटोंपर्यंत तोच. दुपारचे वीस फोटो रेखीव आले आहेत, मात्र त्यांत वेग कुठेच नाही; उभ्या गाडीवर स्वार बसवून काढल्यासारखे वाटतात.

उडीच्या उंचवट्यापाशी मात्र मी बराच वेळ रमले. फोकस हाताने करायचा असल्यामुळे उंचवट्याच्या कडेवर तो आधीच लावून ठेवला आणि गाडीची वाट पाहिली. शेजारी उभे असलेले एक मेकॅनिक म्हणाले, “ताई, डोळ्यांनी नका पकडू, कानांनी पकडा.” चढावर इंजिनाचा आवाज भरत जातो आणि चाके जमीन सोडतात त्या क्षणी तो एकदम मोकळा होतो, त्या बदलावर बोट दाबायचे. ते दाबताच आतला आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये क्षणभर अंधार होतो, म्हणजे जो क्षण फिल्मवर उतरतो नेमका तोच मला दिसत नाही. हे पुस्तकात वाचले होते, पण आज तो अंधार वारंवार अनुभवला आणि दर वेळी छातीत धडधडले.

पाचनंतर उन्हे कलली, धुळीचा पडदा सोनेरी झाला आणि मीटरने एफ/१६ ला अखेर साठावा भाग दाखवला. उरलेल्या आठ फोटोंसाठी कंबरेतून वळत, गाडी पुढे निघून गेल्यावरही कॅमेरा फिरवत राहिले.

घरी नळाचे पाणी इतके कोमट होते की वीस अंशांवर आणण्यासाठी डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागली. निगेटिव्हवर उजळ ते काळे दिसते, म्हणून आभाळ काळेभोर आले आहे. शेवटच्या आठांपैकी सहा हलले आहेत. एकतिसाव्यात मात्र स्वाराचे हेल्मेट स्पष्ट आहे आणि मागची माणसे, बांबूचे कुंपण, झेंडे, सारे आडव्या रेघांत ओघळले आहे. भिंग लावून तो तीनदा पाहिला. पुढच्या वेळी दुपारसाठी आयएसओ १०० चा रोल न्यायचा आणि चारशेचा पाच वाजेपर्यंत पिशवीतच ठेवायचा.