अंजनेरीच्या अलीकडे

सिन्नर ते नाशिक कसं चाललो ते आता नीट आठवत नाही. टाळ, थंडी, पंगतीतलं पिठलं आणि डाव्या टाचेचा फोड, एवढंच. अष्टमी होती की नवमी, तेही सांगता यायचं नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबक गाठायचं, म्हणून पाय उचलायचे. सातपूरला विणेकऱ्यांनी इतक्या वरच्या पट्टीत अभंग धरला की पखवाजवाला वैतागला. मी तर आधीच वैतागलेलो. नवे बूट घालून वारीला यायची अक्कल माझी, राग मात्र चोपदारावर.

खंबाळ्याच्या पुढे चहाच्या टपरीपाशी बसकण मारली. दिंडी गेली पुढे. शेजारी एक बाबा बसलेला. भगवी छाटी, त्यावर कुणीतरी दिलेला निळा स्वेटर, कानांत जाड कुंडलं, गळ्यात काळ्या लोकरीच्या सैलीत ओवलेली शिंगी, म्हणजे छोटी शिट्टी. कानफाटा, नाथपंथी जोगी. मनात म्हटलं, आता हा पैसे मागणार.

"आदेश," तो म्हणाला.

"रामकृष्णहरी," मी, जरा तुटकच.

त्यानं पैसे नाही, पाय मागितला. झोळीतून सुई काढली, दोरा तेलात भिजवला आणि फोडातून आरपार ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पाणी झरू लागलं. साधूच्या मांडीवर पाय ठेवायची लाज वाटून मी तो ओढून घेऊ लागलो, तर खेकसला, "गप बस की, माउली!" बोली बत्तीस शिराळ्याकडची.

मग मीच विचारलं, कान चिरताना दुखलं का?

"दुखनार न्हाई तर काय! कडुलिंबाची काडी घालून बसायचं. चिरायच्या आदी नुसता औघड, कच्चा जोगी. चिरल्यावर दर्शनी, पुरा."

2015 च्या सिंहस्थात त्र्यंबकहून निघालेल्या नाथांच्या झुंडीबरोबर तो पार मंगळुरूच्या कद्री मठापर्यंत चालत गेला होता. बारा वर्षांतून एकदा निघते ती, महिनोन्‌महिने चालते. "म्या तुझ्यागत बूट घातलं न्हवतं," म्हणाला.

हे मला झोंबलं. म्हटलं, आम्ही वारकरी, आमचं आपलं विठ्ठलाचं.

"आन निवरतीला उपदेश कुनी दिला रं?"

गहिनीनाथांनी, ब्रह्मगिरीवर. ठाऊक नव्हतं असं नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ती सगळी परंपरा येते: शंकर, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. दर वर्षी पारायणात वाचतो. पण त्या नावांना चिरलेले कान असतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात त्यानं मागितलंच. "चहा पाज." दोन कप प्याला, वर बिस्किटाचा पुडा. पुडा फोडण्याआधी शिंगी ओठांना लावून बारीक नाद काढला. त्याशिवाय खायचं नाही. टपरीवरचं पोरगं फिदीफिदी हसलं आणि मला त्याचाच राग आला.

चिमटा उचलून बाबा नाशिकच्या दिशेनं निघाला. म्हटलं, एकादशीला नाही थांबणार?

"तुमी लोकं लई वरडता."

अंजनेरीला दिंडी गाठली, चोपदाराची बोलणी खाल्ली. कुशावर्तात पाय बुडवले, त्र्यंबकराजाला लांबूनच हात जोडले. निवृत्तिनाथांच्या समाधीच्या रांगेत पाच तास उभा होतो. दोरा टाचेतच होता.