बर्फातला बांगडा

परवा दारात नेहमीची मासेवाली आली. "बघ गो बाय, ताजो आसा." मी सवयीने बांगड्याचा कल्ला उघडून बघायला गेले आणि शॉक बसावा तसा हात मागे आला. मासा बर्फातला होता, आणि माझा सहावा डोस होऊन तीनच दिवस झाले होते.

औषधाचं नाव ऑक्सॅलिप्लॅटिन. आतड्याच्या कॅन्सरसाठी देतात. सलाईननंतर काही दिवस गार वस्तू धरवत नाही. तिरफळ चावल्यावर जिभेला येतात ना, तशा मुंग्या बोटांना, पण टोचणाऱ्या. गार पाणी प्यायलं तर घसा आवळतो, श्वास अडकल्यासारखं वाटतं. पहिल्या खेपेला आमच्या ह्यांनी रिक्षाच बोलावली होती! आता मे महिन्यात वेंगुर्ल्यात घामाच्या धारा आणि मी कोमट सोलकढी पितेय. कोमट सोलकढी म्हणजे... जाऊ दे.

मुंग्यांची खरी भीती वेगळीच. डोस वाढत जातात तशी बोटं बधिर होत जातात, आणि औषध थांबल्यावरही काही महिने ते वाढू शकतं. ब्लाउजचे हुक लागेनासे झाले, वाळूत चप्पल पायातून निसटलेली कळली नाही, तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. आधी कुरकुर नको म्हणून गप्प होते, मूर्खपणा माझा. त्यांनी पुढचा डोस कमी केला.

तोवर मासे साफ करायचं काम ह्यांच्याकडे. काल कालवणात एक कल्ला सापडला.