नुसतंच आडनाव

दुपारी जेवण झालं की लोक वामकुक्षी घेतात, मी जुने धावफलक वाचतो. मी न पाहिलेल्या, माझ्या आजोबांनीही न पाहिलेल्या सामन्यांचे. यात काय मजा आहे हे घरी समजावून सांगायचा नाद मी सोडून दिलाय. ब्रॅडमन, हॉब्ज यांच्याशी माझं फारसं काम नसतं, त्यांची वास्तपुस्त करायला बाकीचं जग आहे. माझी नजर खाली घसरत जाते. आठवा, नववा, दहावा. दोन मोसम दिसतो आणि तिसऱ्यात गायब, असा कोणीतरी. कुठे गेला असेल? गुडघा? लग्न? वडिलांचं दुकान?

परवा असाच १९१३ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधल्या चेल्टनमला जाऊन पोचलो. ग्लॉस्टरशायर विरुद्ध वॉरविकशायर, कॉलेजच्या मैदानावर. पाहुण्या संघात एक नाव होतं, जीव्हज.

वुडहाउस हा इंग्रज विनोदी लेखक वाचलेला माणूस हे नाव दिसलं की आधी हसतो. त्याच्या गोष्टींतल्या बर्टी वूस्टरचा हुजऱ्या! मालकानं कोणता सूट घालायचा, कुठला भडक मोजा गुपचूप नाहीसा करायचा आणि आत्याबाई दारात उभ्या असताना मागच्या दारानं कसं सटकायचं, हे सगळं भुवईसुद्धा न हलवता ठरवणारा. पण धावफलकातला जीव्हज आधीचा. पी. जी. वुडहाउसचे आई-वडील चेल्टनमला राहायचे. त्यांच्याकडे गेलेला असताना त्यानं हा सामना पाहिला आणि या गोलंदाजाचं नाव डोक्यात कुठेतरी ठेवून दिलं. स्वतः शाळेत गोलंदाजी केलेला माणूस, गोलंदाजाकडे लक्ष जाणारच.

पर्सी जीव्हज जन्मला ५ मार्च १८८८ ला, यॉर्कशायरमधल्या अर्ल्सहीटनला. आधी गूल गावच्या क्लबातून खेळला, मग हॉज नावाच्या डोंगराळ खेड्यात क्लबचा पगारी खेळाडू झाला. वॉरविकशायरचे सेक्रेटरी आर. व्ही. रायडर तिकडे सुट्टीवर गेले होते. त्यांनी त्याची ती सहज, अंगाला त्रास न देणारी गोलंदाजी पाहिली आणि त्याला बर्मिंगहॅमला बोलावून घेतलं. यॉर्कशायरकडे गोलंदाजांची इतकी चंगळ की एक गेला तर त्यांना पत्ताही लागायचा नाही.

बोलावलं, पण खेळवता कुठं येतंय? परक्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, आलेल्यानं आधी नव्या काउंटीत वास्तव्य करून पात्र व्हायचं, मग अजिंक्यपदाचे सामने. म्हणून १९१२ मध्ये तो खेळला ते फक्त दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. काउंटीविरुद्ध चालत नाही, अख्ख्या देशाविरुद्ध चालतं! नियम करणाऱ्यांची डोकी सगळीकडे सारखीच. १९१३ मध्ये दार उघडलं आणि पठ्ठ्यानं पहिल्याच पूर्ण मोसमात १०६ बळी घेतले, सरासरी २०.८८. वर ७६५ धावा. पुढच्या वर्षी ९० बळी. मध्यमगतीच्या थोडा वर, उजव्या हाताचा, टप्पा पडला की चेंडू वळून अंगावर येणार. जुलै १९१४ मध्ये ओव्हलवर ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ या सामन्यात त्यानं दुसऱ्या डावात ४४ धावांत ४ गडी काढले. इंग्लंडचे माजी कर्णधार प्लम वॉर्नर इतके खूश झाले की हा लवकरच इंग्लंडकडून खेळणार, असं म्हणून गेले. म्हणणाऱ्याला काय, ऑगस्टमध्ये महायुद्ध वाढून ठेवलंय हे कुणाला माहीत?

या सामन्याच्या नावापाशी मी दर वेळी अडखळतो. जंटलमेन म्हणजे हौशी, घरचं खाऊन खेळणारे. प्लेयर्स म्हणजे पैसे घेऊन खेळणारे. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत यायची फाटकंसुद्धा वेगळी. आणि धावफलकावर जंटलमनच्या नावाआधी मिस्टर, आद्याक्षरं, सगळा लवाजमा. प्लेयरचं नुसतंच आडनाव. जीव्हज गेल्यावर विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकात आलेल्या मजकुरातही कौतुक करणारे ते ‘मिस्टर पी. एफ. वॉर्नर’ आणि कौतुक झालेला तो ‘जीव्हज’. पुढे आद्याक्षरं मिळाली, पण आडनावाच्या मागे लावून. दुसरं महायुद्ध होऊन गेल्यावरसुद्धा लॉर्ड्‌सवर एकदा ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं होतं की छापील कार्डात चूक आहे, ‘एफ. जे. टिटमस’ असं न वाचता ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. हा भेद अधिकृतपणे संपला तो १९६२ चा मोसम उलटल्यावर.

वेगळ्या दारांची गोष्ट ऐकून आपण मात्र साहेबाला फार हसू नये. पुण्याच्या हिंदू संघाला दलित समाजातल्या बाळू पालवणकरांनी बळी काढून द्यायचे आणि चहा प्यायचा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून. तेच बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर बळी घेऊन आले. असो. त्यावर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल.

आडनावावरून मामा आठवला. मामा कांगा लीगमध्ये खेळायचा, अगदी खालच्या विभागात. जुलैचा पाऊस, आझाद मैदान, एकाला लागून एक सामने. आपल्या स्लिपमध्ये उभा असलेला माणूस शेजारच्या सामन्यातला कव्हर आहे, हे चेंडू सुटल्यावर कळायचं. मी त्याची किट सांभाळत ताडपत्रीवर बसायचो आणि चिखलानं माखलेला चेंडू पुसायला माझाच रुमाल जायचा. आईचं बोलणं खायचं मी, मामा नामानिराळा. एकदा त्यानं चार बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, छापून आलं: कुलकर्णी ४ बळी. ते कात्रण वर्षानुवर्षं त्याच्या पाकिटात होतं. गंमत अशी की संघात कुलकर्णी दोन होते आणि दोघंही गोलंदाज. दुसऱ्या कुलकर्ण्यांच्या पाकिटातही तेच कात्रण असणार, याबद्दल मला शंका नाही. मी एकदा मामाला म्हटलं, पेपरवाल्यांनी निदान एक आद्याक्षर तरी घालायचं. तो म्हणाला, “अरे, चेंडू माझ्या हातात होता. पेपरच्या नव्हे.” मामाची कारकीर्द त्यानंतर लवकरच आटोपली. त्याच्या बाबतीत लग्न आणि गुडघा, दोन्ही.

तर आडनाव. प्लेयरला जशी नुसत्या आडनावानं हाक, तशीच हुजऱ्यालाही. ‘मिस्टर जीव्हज’ म्हणायला बर्टी काही खुळा नव्हता (तसा होता, पण या बाबतीत नव्हे). त्यामुळे वुडहाउसला हे नाव धावफलकावरून उचलून थेट दिवाणखान्यात ठेवता आलं, एक अक्षर बदलावं लागलं नाही. या हुजऱ्याचं पाळण्यातलं नाव रेजिनाल्ड आहे, हे वाचकांना कळलं १९७१ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी! तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

छप्पन्न, कारण तो पहिल्यांदा अवतरला सप्टेंबर १९१५ मध्ये, एका अमेरिकन साप्ताहिकातल्या गोष्टीत. वाक्यं दोनच. आत्या आल्याची वर्दी द्यायची आणि सूट कोणता ते विचारायचं. पुढे १९६७ मध्ये, त्या रायडर सेक्रेटरींच्या मुलानं विचारल्यावरून, वुडहाउसनं पत्रात कबूल केलं की नाव त्या गोलंदाजाचंच. मात्र त्यात त्यानं साल १९१६ सांगितलं. एका वर्षाचा फरक, म्हातारपणी इतकं चालायचंच. पण या एका वर्षात फार काही मावतं. १९१५ च्या सप्टेंबरात पर्सी जीव्हज जिवंत होता, रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये साधा शिपाई होता आणि अजून इंग्लंडमध्येच होता. तिकडे अमेरिकेत त्याच्या नावाचा माणूस “कोणता सूट घालणार, सर?” म्हणून विचारत होता, तेव्हा याच्या अंगावर खाकी चढून वर्ष होत आलं होतं. बटालियन फ्रान्सला गेली नोव्हेंबरमध्ये. २२ जुलै १९१६ च्या रात्री सॉमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या झाडीपाशी झालेल्या हल्ल्यात तो गेला. वय २८. देह सापडला नाही.

ज्यांचे देह सापडले नाहीत अशा ७२ हजारांवर सैनिकांची नावं फ्रान्समधल्या थिएपवालच्या स्मारकावर कोरलेली आहेत. नवी दिल्ली उभारणाऱ्या लट्येन्सनंच तेही बांधलं. तिथली पद्धत अशी: आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर. सगळ्यांचीच. गट पाडलेत ते हुद्द्याप्रमाणे, तेवढी शिस्त तिथंही सुटलेली नाही. पण मिस्टर कोणीच नाही.

जीव्हजचे एकूण ५० सामने, १९९ बळी. एक बळी कमी पडला, हे माझ्यासारख्या माणसाला उगाच टोचत राहतं. युद्धानंतर इंग्लंडचा संघ पुन्हा कसोटी खेळायला उतरला तो डिसेंबर १९२० मध्ये, ऑस्ट्रेलियात. कर्णधार जे. डब्ल्यू. एच. टी. डग्लस, आद्याक्षरं चक्क चार. जीव्हज तेव्हा ३२ वर्षांचा असता. मध्यमगती गोलंदाजाला हे काही वय नव्हे. ती मालिका इंग्लंड ५-० अशी हरलं. हा असता तर ४-१ झाली असती, असं काही माझं म्हणणं नाही. पण बोटीवर त्याला घ्यायला हवं होतं. फलंदाजीची सरासरी १६.०५ आहे, तेव्हा आठव्या क्रमांकाच्या वर मात्र नको. वॉर्नर काहीही म्हणोत.