पप्पांची तारीख

संडे स्कूलमध्ये प्रार्थनेआधी मी मुलांना विचारते, आज कुणासाठी काय मागायचं? परीक्षा, आजीचे गुडघे, हरवलेलं कुत्रं, असं काहीबाही येतं. तीन वर्षांपूर्वी दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "पप्पांची तारीख लवकर लागू दे." बाकीच्या मुलांना वाटलं, वाढदिवसाची तारीख. त्याचे वडील कामाला मुंबईला असतात, असं आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ते आमच्या चर्चपासून चार किलोमीटरवरच्या तुरुंगात दीड वर्ष कच्चे कैदी होते. 'मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही भेटायला आलात' हा बायबलमधला, मत्तयाच्या २५व्या अध्यायातला धडा मी याच वर्गात शिकवला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचं मी ठरवलं आणि पाळकसाहेबांनी लगेच होकार दिला. महिला मंडळातल्या दोघी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, असे आम्ही चौघं जमलो. पहिला अर्ज मी दोन पानी लिहिला. सुवार्ता, पश्चात्ताप, नवं जीवन, सगळं त्यात घातलं. तुरुंगाधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "बाई, आत येऊन तुम्ही नेमकं करणार काय? किती वाजता, किती जण, कुणासाठी?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दीड तास, ज्यांना मुलं आहेत अशा बंद्यांसाठी. भजन-प्रार्थनेला ज्याची इच्छा त्याने बसावं, पत्रलेखनाला कोणत्याही धर्माच्या माणसाने यावं, धर्मांतराचा विषय काढला जाणार नाही. हे शेवटचं वाक्य मंडळीतल्या काहींना खटकलं. मला ते आजही बरोबर वाटतं. ज्याला उठून जायची मोकळीक नाही, त्याच्यापुढे आपली श्रद्धा फार जपून मांडायला हवी.

अर्ज अधीक्षकांकडून पुण्याला कारागृह मुख्यालयात गेला. चारित्र्य पडताळणी, आधारची प्रत, फोटो, पुन्हा फोटो. सात महिने गेले.

पहिल्या शनिवारी फोन, पर्स, पेनसुद्धा बाहेर ठेवून झडती दिली आणि मोठ्या दरवाजाच्या दिंडीतून वाकून आत गेलो. मी उधळ्या पुत्राच्या दाखल्याची तयारी केली होती. बाप धावत जाऊन मुलाला मिठी मारतो, इथवर आले आणि मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "ताई, पोरगी पाचवीत गेली का, एवढं कळेल का?" दाखला तिथेच राहिला. एकेक जण बोलू लागला. कुणाला मुलीची उंची जाणून घ्यायची होती, कुणाला मुलाचा ताप उतरला का ते.

आम्हाला निरोप नेता येत नाही, तो नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पत्र कार्यालयातून जातं, वाचून जातं. म्हणून आम्ही पोस्टकार्डं धरली. लपवायचं काही नव्हतंच. काकांचं पोस्टातलं आयुष्य इथे कामी आलं. वस्तीतला पत्ता सापडावा म्हणून जवळचं किराणा दुकान, गिरणी, देऊळ असं ते लिहवून घ्यायचे. बहुतेक बाप लिहायचे, "नीट अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको." अशा कार्डांना उत्तरं येईनात. मग आम्ही सुचवलं की मुलाला सांगता येईल असं काही विचारा. "तुझ्या बाकावर कोण बसतं?" या एका ओळीला पानभर उत्तर आलं. त्या माणसाने ते घडी करून शर्टाच्या आत ठेवलं.

बायकांच्या विभागात दुःख वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या निकालाप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. तिथल्या एका आईला लेकीचा वाढदिवस जवळ आला की धडकी भरायची. पाचवा झाला, आता एकच उरला. नातेवाईक कोण सांभाळेल, नाही तर बालकल्याण समितीमार्फत कुठे सोय होईल, बालसंगोपन योजनेचा अर्ज कसा करायचा, हे आम्ही तिच्यासाठी शिकलो. मुलीची मावशी तयार झाली. ती मुलगी गेली त्या शनिवारी आम्ही प्रार्थना केली नाही, नुसते तिच्या आईजवळ बसून राहिलो.

आमची मोठी चूक पहिल्या नाताळात झाली. मंडळीचं नाव छापलेल्या भेटींच्या पिशव्या घेऊन आम्ही दहा जण एका कैद्याच्या मुलांकडे म्हणून वस्तीत शिरलो. गल्ली गोळा झाली आणि मुलांच्या आजीने दार लावून घेतलं. शेजाऱ्यांपासून तिने दोन वर्षं जे जपलं होतं, ते आम्ही दहा मिनिटांत उघडं केलं. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन माफी मागितली. तिने पाणी दिलं, पिशवी घेतली नाही.

नंतर अमेरिकेतल्या मेरी के बिअर्ड यांच्याविषयी वाचलं. बँकदरोड्यासाठी त्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता. मुलांना नाताळची भेट द्यायला तिथल्या आया साबण, शाम्पू साठवून ठेवायच्या, हे त्यांनी आत पाहिलं होतं. १९८२ मध्ये अलाबामात त्यांनी कैद्यांच्या मुलांना नाताळची भेट पोचवणारं 'एंजल ट्री' सुरू केलं, आणि त्यात भेट आईबापांच्या नावाने द्यायची असं ठरवलं. आमचं चुकलं होतं ते इथेच. आता पिशवी साधी असते, दोघंच जातात, संध्याकाळी जातात. वर चिठ्ठी बापाच्या हातची, "तुझ्या पप्पांकडून." कारागृह विभागाच्या 'गळाभेट' उपक्रमात मुलांना जाळीशिवाय आईबापांजवळ बसता येतं. तेव्हा एसटीचं भाडं आणि सोबत मंडळी देते.

तो संडे स्कूलमधला मुलगा आता पाचवीत आहे. तारखा अजून पडताहेत. दर रविवारी तो तेच मागतो, आणि आता वर्गातली सगळी मुलं त्याच्याबरोबर आमेन म्हणतात.

यंदाच्या परवानगीचा अर्ज गेल्या सोमवारी दिला. सोबतच्या साहित्याच्या यादीत काकांनी पहिली ओळ लिहिली आहे: पोस्टकार्डं, २००.