हळद पावडरचं युनिट, पस्तीस टक्के अनुदान आणि बँक : वसमतहून माझा अनुभव

पस्तीस टक्के अनुदान म्हटलं की खात्यात पैसे जमा होणार असं बहुतेकांना वाटतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, तसं होत नाही. कर्ज आधी पूर्ण घ्यावं लागतं, हप्ताही पूर्ण कर्जावर बसतो. अनुदान बँकेत आपल्या नावाच्या वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि तीन वर्षांनी, खातं नियमित आणि युनिट चालू असेल तरच, कर्जात वळतं होतं. हळद पावडरच्या युनिटसाठी मी या योजनेतून गेलो. हे एक कळलं की पुढचा सगळा हिशोब बदलतो, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

आमचा प्रकल्प 12 लाखांचा. स्वतःचे दहा टक्के, म्हणजे 1,20,000. बँकेचं मुदत कर्ज 10,80,000. अनुदान पस्तीस टक्क्यांनी 4,20,000 (एका युनिटला कमाल मर्यादा 10 लाख). साडेदहा टक्के व्याज आणि सात वर्षांची परतफेड धरली तर 10,80,000 वर हप्ता महिन्याला साधारण 18,200 रुपये येतो. अनुदान आधीच वजा करून 6,60,000 वर मांडला तर 11,100 दिसतो. हा सात हजारांचा फरक छत्तीस महिने खिशातून भरायचा असतो. तीन वर्षं नीट हप्ते गेले तर मुद्दल साधारण 7,10,000 उरतं, त्यातून 4,20,000 वजा झाले की 2,90,000 राहतात. योजनेचा फायदा तिथं दिसतो. अनुदान बाजूला ठेवून जो धंदा हप्ता भरू शकत नाही, त्यासाठी अर्ज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज ऑनलाइन असतो. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडे जिल्हा संसाधन व्यक्तींची यादी मिळते. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं आणि बँकेपर्यंत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम आहे आणि त्याचं मानधन शासन देतं. अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, हीही फुकट आहे, आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होते. तिच्यासाठी सेवा केंद्रात हजार-दोन हजार मोजणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

प्रकल्प अहवाल मात्र दुसऱ्यावर पूर्ण सोडू नका. तयार साच्यातल्या अहवालात पहिल्याच वर्षी नव्वद टक्के क्षमता लिहिलेली असते. शाखाधिकाऱ्यांनी आमचा पहिला कागद बघून एवढंच विचारलं, "अनुदान राहू द्या दादा. पहिल्या वर्षी हप्ता कुठून येणार ते सांगा." आम्ही अहवाल पुन्हा मांडला. पहिल्या वर्षी साठ टक्के, दुसऱ्या वर्षी सत्तर. कच्चा माल, वीज, मजुरी, पाकिटं आणि दळताना होणारी घट वेगवेगळी दाखवली. गावातल्या लोकांची हळद दळून देण्याचे पैसे वेगळ्या ओळीत घेतले. तेव्हा फाइल पुढं सरकली.

खर्चाच्या रकान्यात दोन बंधनं आहेत. जागेची किंमत अनुदानात धरत नाहीत आणि बांधकाम पात्र खर्चाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आमच्या 12 लाखांत शेड, फरशी आणि नालीसाठी जास्तीत जास्त 3,60,000 बसत होते. आम्ही 3,00,000 दाखवले. बाकी यंत्रं आणि वायरिंग. मोठी शेड बांधून यंत्र नंतर बघू, असा विचार या योजनेत बसत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. त्या वेळी लघुउद्योगाला 10 लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता. आमचं कर्ज 80,000 ने वर गेलं आणि तारणाचा प्रश्न उभा राहिला. शेवटी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पतहमी निधीचं, म्हणजे सीजीटीएमएसईचं संरक्षण घेऊन काम झालं, पण त्याचं शुल्क दरवर्षी लागतं. पॅकिंगचं एक यंत्र पुढच्या वर्षावर टाकलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

जागेचे कागद हा मराठवाड्यातला सगळ्यात चिवट भाग. सातबारा आजोबांच्या नावावर, फेरफार झालेला नाही, आधारवर आडनाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. शेतात युनिट घालायचं म्हटलं तर बिगरशेतीचा प्रश्न येतो. म्हणून गावठाणातली जागा बरी. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 (घरपट्टीचा उतारा) आणि नाहरकत दाखला यावर बँक समाधानी होते. जागा भाड्याची असेल तर साध्या बाँडवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार चालत नाही. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीइतकी तरी हवी, आणि वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. भावाच्या नावावरची जागासुद्धा याला अपवाद नाही.

अर्जाच्या आधी सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा अहवाल, काढून बघा. प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. आपल्याकडं दोन गोष्टी हमखास निघतात. एक, 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत माफ झालेलं पीककर्ज अहवालात अजून थकीत किंवा तडजोडीत मिटवलेलं दिसतं. दोन, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला आपण जामीन असतो आणि तिथले थकलेले हप्ते आपल्या नावापुढं येतात. पहिल्यासाठी त्या बँकेचा बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला घेऊन ऑनलाइन तक्रार करायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. दुसऱ्याला उपाय एकच, मेव्हण्याला हप्ते भरायला लावणं. हे दोन्ही अर्जानंतर करत बसलात तर हंगाम जातो.

कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या पुरवठादाराचंच घ्या, कारण बँक पैसे तुमच्या हातात न देता थेट त्याच्या खात्यात टाकते. त्यात यंत्राचा मॉडेल क्रमांक, मोटरची एचपी, कर, वाहतूक आणि उभारणी सुटी सुटी लिहून घ्या. वाहतूक नंतर निघाली तर ती खिशातून जाते. हळकुंड कडक असतं, ते थेट पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे पावडर करणाऱ्या यंत्रात, टाकलं की हॅमर झिजतात आणि जाळी फाटते. आधी भरडा करणारं यंत्र लागतंच. आमचा 10 एचपीचा पल्व्हरायझर, 3 एचपीचा भरडा आणि 1 एचपीची चाळणी मिळून 14 एचपी, म्हणजे साडेदहा किलोवॅट झाले. महावितरणकडे औद्योगिक वर्गवारीत थ्री फेजचा अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच टाका. शेतीपंपाच्या जोडणीवर यंत्र चालवाल तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आता सगळ्यात जास्त नुकसान जिथं होतं ते. कर्ज मंजूर झालं, यंत्र आलं, फोटो निघाले, हप्ता सुरू झाला, पण शाखेनं पोर्टलवर अनुदानाची मागणीच टाकलेली नसते. शाखेत माणसं कमी, बदल्या सतत, नव्या अधिकाऱ्याला तुमची फाइल माहीत नसते. कर्ज वाटप झालं त्या आठवड्यातच मंजुरीपत्र, वाटपाचा दाखला, यंत्रांची बिलं, फोटो आणि उद्यम प्रमाणपत्र यांचा एक संच शाखेला देऊन पोहोच घ्या. दुसरा संच संसाधन व्यक्तीकडे ठेवा. मग दर पंधरा दिवसांनी पोर्टलवरची स्थिती बघायची. फोनवर "टाकलंय" म्हणाले तरी अर्ज क्रमांकासमोर काय दिसतं तेच खरं.

खेळतं भांडवल या अनुदानात येत नाही, आणि बरीच युनिटं बंद पडतात ती त्यामुळंच. रोज एक क्विंटल, महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे पंचवीस क्विंटल हळकुंड. भाव क्विंटलला 13,000 धरला तर महिन्याचे 3,25,000. दुकानदार महिन्याची उधारी मागतो, आपल्याला महिनाभराचा साठा हवा. साडेसहा लाख असेच अडकतात. मुदत कर्जाबरोबरच कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जमर्यादेची, मागणी करा, नंतर वेगळी फाइल चालवणं जड जातं. नवी हळद वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात मार्चपासून येते. फेब्रुवारीपर्यंत मर्यादा मंजूर असेल तर माल हंगामात घेता येतो.

परवान्याचा हिशोबही याच आकड्यांवर करायचा. आमच्या वेळी अन्नसुरक्षेची शंभर रुपयांची साधी नोंदणी 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत होती. नुसतं हळकुंडच वर्षाला 39 लाखांचं, म्हणजे राज्य परवाना पहिल्या दिवसापासून हवा होता, आणि विक्री 40 लाखांच्या पुढं जात असल्यानं जीएसटीही. साधी नोंदणी काढून ठेवली की बँकेतला अहवाल एक सांगतो आणि परवाना दुसरंच.

यंत्र आल्यावर पहिली परीक्षा ओलाव्याची. नियमाने पावडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही आणि कुर्क्युमिनॉइड (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किमान दोन टक्के लागतं. पावसाळ्यात ठेवलेलं हळकुंड मोडलं आणि खट्ट आवाज न येता वाकलं, तर ते दळू नका. जाळीवर लगदा बसतो, आतला कप्पा तापतो, पावडर काळपट होते आणि आठ दिवसांत पाकिटात गुठळ्या धरतात. कांडी (लांब हळकुंड) आणि गट्टू (गोल गड्डा) वेगवेगळे दळा, रंगात फरक पडतो.

तीन वर्षांनी बँकेचा माणूस पाहणीला येतो तेव्हा यंत्र चालू, विमा भरलेला, परवाना वैध आणि वीजबिल सलग वापराचं लागतं. आम्ही छत्तीस महिन्यांची वीजबिलं एका फाइलला लावून ठेवली होती. अनुदान कर्जात वळतं करा असा लेखी अर्ज त्याच फाइलबरोबर दिला आणि पुढच्या महिन्यात खातेउतारा काढून 4,20,000 ची नोंद तपासली.