जुन्या ट्रेनर मॉडेल विमानाचं इंजिन काढून मोटर बसवली, त्याचा अनुभव

एनसीसीच्या एअर विंगमध्ये तारेवरची विमानं फिरवताना लागलेला नाद साठी उलटली तरी सुटलेला नाही. यंदा पावसाळ्यात माळ्यावरचा बाल्साचा, म्हणजे हलक्या लाकडाचा, ट्रेनर खाली काढला. ट्रेनर म्हणजे शिकाऊंसाठीचं रेडिओवर चालणारं मॉडेल विमान. पंख वर असलेला, ४० साइजच्या (०.४० घनइंची) ग्लो इंजिनाचा, म्हणजे मॉडेलच्या छोट्या इंजिनाचा. मिथेनॉल आणि एरंडेलाचं ते इंधन जमवणं हल्ली फार जिकिरीचं झालंय, म्हणून मोटर बसवायची ठरवली.

मोटर चार स्क्रूंवर बसते, त्यात विशेष काही नाही. वेळ खाल्ला तो तेलाने. फायरवॉल (नाकातली, इंजिन जिच्यावर बसतं ती फळी) आणि टाकीचा कप्पा वर्षानुवर्षं एरंडेल पिऊन काळा पडला होता, आणि तेलकट बाल्साला अ‍ॅराल्डाइट धरत नाही. मग कॉर्नफ्लोअर चोळायचं, हेअर ड्रायरची ऊब द्यायची, तेल पिठात उतरलं की ब्रशने झाडायचं आणि परत चोळायचं. पीठ पांढरंच राहायला लागलं, तेव्हा अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका. मोटरची सगळी ओढ त्या एका फळीवर येते.

दुसरी गोष्ट तोलाची. सायलेन्सरसकट इंजिन मोटरपेक्षा जड असतं, त्यामुळे ते काढलं की शेपूट बसते. नाकात शिसं भरण्यापेक्षा चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) टाकीच्या कप्प्यात पुढे सरकवली. त्यासाठी वरून झाकण कापलं, नाहीतर बॅटरी बदलायला दरवेळी पंख सोडावा लागला असता. गरम हवा जायला मागे भोकही हवं. पंखाची रुंदी ११ इंच. पुढच्या कडेपासून सव्वातीन इंचांवर दोन बोटांनी विमान उचललं, नाक किंचित खाली झुकलं, तेव्हा समाधान झालं.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा. पूर्वी रेडिओचा चॅनेल क्रिस्टल बसवून ठरायचा, त्या काळात दुसऱ्या कोणी आपलाच चॅनेल लावला की विमान गेलंच. ती धास्ती आता उरली नाही, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे हे बघून घेतलं. तिथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना. आधी रेंज तपासली, मग विमानामागे उभं राहून एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या: स्टिक उजवीकडे, तर उजवं एलरॉन वर. सोडल्यावर विमान थोडं डावीकडे ओढत होतं. रिमोटवरच्या ट्रिमचे (बारीक दुरुस्तीच्या बटणाचे) दोन-तीन टिचके दिले आणि ते सरळ चालायला लागलं. इंजिनाचा आवाज नसल्याने पंखावरून जाणाऱ्या हवेची सळसळ मला पहिल्यांदाच ऐकू आली. मधे एक घार येऊन बाजूने घिरट्या घालू लागली, तेव्हा थ्रॉटल कमी करून उतरवलं.

बॅटरी अर्धी शिल्लक होती. पुढच्या खेपेला मोटरमाउंटच्या मागे डाव्या बाजूच्या दोन्ही स्क्रूंना वॉशर घालून, मोटरचं तोंड किंचित उजवीकडे करून ती डावी ओढ तिथेच काढायचा विचार आहे, की ट्रिमवरच ठेवावी? ज्यांनी ४० साइजचा ट्रेनर असा बदललाय, त्यांनी साइड थ्रस्ट (मोटरचा हा बाजूचा कल) किती अंश ठेवला ते जरूर कळवा.